कॅम बदलावा की हेड फेस करावे?

प्रश्न : माझी युसीई (इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनाची रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० पसरणी घाटात डबलसीट असताना दमते. एक मेस्त्री ‘रेसिंग कॅम’ (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता भाग) बसवा म्हणतात, दुसरे हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) फेस करून, म्हणजे घासून, कॉम्प्रेशन वाढवा म्हणतात. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, वाई

उत्तर : ही दोन कामे सुटी नाहीत. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरात असलेली जागा आणि तो माथ्यावर पोचल्यावर उरलेली जागा यांचे प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. तुमच्या इंजिनात तो ८.५ आहे. मात्र पेट्रोल-हवेचे मिश्रण खरोखर दाबले जाऊ लागते ते इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) मिटल्यावरच, आणि पिस्टन तळ गाठून वर निघाला तरी तो व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. तो केव्हा मिटायचा, हे कॅमच्या लोबचा (उंचवट्याचा) आकार ठरवतो.

रेसिंग कॅम त्याला आणखी उशिरापर्यंत उघडा ठेवतो. इंजिन जोरात फिरत असताना आत येणाऱ्या मिश्रणाला वेग असल्यामुळे सिलिंडर अधिक भरतो. घाटात दोन-अडीच हजार आरपीएमला मात्र तो वेग नसतो, वर येणारा पिस्टन आत घेतलेले मिश्रण परत बाहेर ढकलतो आणि ८.५ हा आकडा कागदावरच राहतो. टोयोटा प्रियस या हायब्रिड कारच्या १.८ लिटर इंजिनात हेच, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा मिटवणे, मुद्दाम केलेले आहे. तिथे रेशो १३ आहे आणि कमी पडणारी ओढ विजेची मोटर भरून काढते. बुलेटला ती सोय नाही.

आता हेडचे. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) धरल्यास माथ्यावर सुमारे ४६ सीसी जागा उरते. रेशो ९.५ करायचा तर ती ४१ सीसीच्या आत आणावी लागेल, म्हणजे हेड जवळजवळ दीड मिलिमीटर घासावे लागेल. त्याने पुशरॉडची (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्याची) लांबी बिघडते, चढावर नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याची) भीती वाढते आणि इंजिनाच्या आदर्श चक्राच्या कागदी सूत्राने मिळणारा लाभ जेमतेम तीन टक्के. एवढ्यासाठी चांगले हेड लेथवर चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी गेज लावून कॉम्प्रेशन मोजून घ्या. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) गळत असतील तर लॅपिंग, म्हणजे घासून घट्ट बसवण्याचे काम, करून घ्या, क्लच प्लेटा घसरत नाहीत ना हेही पाहा. सगळे ठीक निघाले, तर पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) एका दाताने लहान बसवा. सपाट रस्त्यावर इंजिन थोडे जास्त फिरेल, पण घाटात चाकावरची ओढ त्या तीन टक्क्यांहून जास्त वाढेल.