‘मुलींचा राग यायला लागलाय, माझी माया आटली का?’

बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या प्रौढ मुलींच्या वसतिगृहातल्या एक काळजीवाहक मावशी समुपदेशनाला आल्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) “आंघोळ घालताना पूर्वी मी गाणी म्हणायचे, आता तोंडातून शब्द निघत नाही. कुणी हाक मारली तरी चिडचिड होते.”

विशेष शिक्षकांपासून रात्रपाळीच्या मावशींपर्यंत अनेकांची हीच तक्रार असते. पार गळून जाणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं, ‘माझ्या हातून काही होतच नाही’ असं वाटणं ही बर्नआउटची ओळखीची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 ही आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारताना बर्नआउटला आजारांत धरलं नाही. कामावरचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याने येणारी अवस्था म्हटलं. म्हणून आधी मावशींचा स्वभाव नव्हे, ड्युटी चार्ट तपासला.

ड्युटी बारा तासांची. त्यात सगळ्यात अवघड तरुणी रोज यांच्याच वाट्याला, कारण “ती तुमचंच ऐकते.” हे कौतुक फार महागात पडतं. संध्याकाळी पाच वाजले की ती स्वतःला मारायची, मावशींच्या हाताला चावायची.

दोन आठवडे वहीत नोंदी केल्या: वेळ, आधी काय घडलं, तिने काय केलं, नंतर काय झालं. त्यातून दिसलं की कार्यशाळेतून मुली परत येणं, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या हे सगळं एकदमच व्हायचं. पोट साफ नसलेल्या दिवशी चावणंही वाढायचं. बोलता न येणाऱ्या व्यक्तीचं वागणं बिघडलं, तर दात, कान, पोट आणि मासिक पाळीचं दुखणं आधी पाहावं. मानसोपचाराच्या काही औषधांनीही बद्धकोष्ठता होते, म्हणून डॉक्टरांना विचारलं. तिचा चहा-नाश्ता पावणेपाचला मागच्या व्हरांड्यात ठेवला, टीव्ही सहानंतर.

चावल्यावर हात ओढू नये, कातडी फाटते. सुटल्यावर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवावी, डॉक्टरांना दाखवावी. मावशींना वीस मिनिटं तरी तिथून मोकळं करावं; “तुम्ही काय केलंत?” हा प्रश्न त्या वेळी नको. कामाची पाळी बदलताना दहा मिनिटं हातात ठेवून झोप, जेवण, शौच, फिट, औषधं यांची माहिती लेखी द्यावी. ती नसली की नव्या पाळीतली बाई अंधारात चाचपडते आणि मार खाते.

संस्था बहुतेक वेळा योगाचं शिबिर ठेवते, तेही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी! थकलेल्या माणसाची सुट्टी खाऊन त्याला विश्रांती शिकवायची, हा अजब प्रकार आहे.

झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र ड्युटी बदलून भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा. मुलीवर हात उगारला गेला, तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगून तिची जबाबदारी दुसरीकडे द्यावी.

या मावशींना ती तरुणी आता फक्त सकाळी असते. संध्याकाळसाठी दुसऱ्या मावशी तयार केल्या: आठवडाभर नुसतं पाहायचं, पुढचा आठवडा पहिल्या मावशी शेजारी असताना करायचं. ठरलेल्या वेळात ते जमलं नाही, कारण शिकायला घेतलेल्या पहिल्या बाई मध्येच नोकरी सोडून गेल्या.