चोवीस तासांची बाई

"मॅडम, गावाकडं चोवीस तासांची बाई मिळेल का कुठं? तुमच्या ओळखीत?"

खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. कर्वे रस्त्यावरच्या माझ्या सल्ल्याच्या खोलीत हल्ली बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात. गाव वेगळं, आजार वेगळा, गाऱ्हाणं एकच: आईवडील गावी, आपण पुण्यात, आणि तिकडे त्यांच्याकडे बघणारं कोणी मिळत नाही. नावं इथे देत नाही, ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. त्यांना दादा म्हणू, त्यांच्या बहिणीला ताई, आणि आईंना आजी.

दादा चाकणला कारखान्यात, राहायला मोशीला. ताई चिंचवडला. आई ७६ वर्षांच्या, जुन्नर तालुक्यात, गावठाणापासून दीड किलोमीटरवर मळ्यात एकट्या. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. बीपी, शुगर, गुडघे. जानेवारीत पहाटे अंगणात पडल्या, मनगट मोडलं. दूध न्यायला येणारा पोरगा येईपर्यंत पाऊण तास तिथेच पडून होत्या. त्या पाऊण तासाने दादांची झोप उडाली होती.

करून बघायचं त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. आईला मोशीला आणलं. सातवा मजला, लिफ्टची धास्ती, दिवसभर गॅलरीतून पार्किंग बघत बसायचं. चाळिसाव्या दिवशी त्या पिशवी भरून दारात उभ्या. मग पुण्यातल्या एका ब्युरोतून बाई पाठवली, महिन्याला २८,००० रुपये. पहिली नवव्या दिवशी गेली, दुसरी पंधराव्या. मळ्यात रेंज नाही, बोलायला कोणी नाही, अंधार पडला की उसात बिबट्या. त्यात आजी त्यांना चुलीपाशी फिरकू देईनात.

"आईचा स्वभावच तसा," दादा म्हणाले.

स्वभाव हा शब्द आला की मी जरा सावध होते. त्याच्या आड बऱ्याचदा काहीतरी साधं, मोजता येण्यासारखं असतं.

पण त्या दिवशी मीही घाई केली. मनगट बरं होईपर्यंत तीन महिने एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवून बघा, असं सुचवलं. दादांचा चेहरा उतरला. रात्री ताईंचा फोन: "आमच्या आईला आश्रमात घाला म्हणालात म्हणे तुम्ही?" आश्रम वाईट असतात असं नाही. पण जिला राहायचंय तिला एका शब्दाने न विचारता मी तिची सोय लावायला निघाले होते. दादाही तेच करत होते, आणि ते त्यांना दाखवून देणं हे माझं काम होतं. इथे दोघंही एकाच माळेचे मणी.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर मळ्यात गेले. दर वेळी जमत नाही, पण आजी फोनवर "बरंय, बरंय" यापलीकडे बोलत नव्हत्या.

चहा झाल्यावर मी विचारलं, "आजी, दिवसभरात अवघड काय वाटतं?"

"मला काय धाड भरलीय? गुडघं तेवढं धरत्यात."

"आणि रात्री?"

त्या उठल्या. भिंतीला हात लावत दारात आल्या आणि अंगणाच्या टोकाला असलेल्या संडासाकडे बोट केलं. "बावीस पावलं. पावसाळ्यात सव्वीस, चिखल चुकवून जावं लागतं."

त्यांनी मोजली होती. बिबट्या आल्यापासून संध्याकाळी पाचनंतर त्या पाणी पीत नव्हत्या. रात्री उठावं लागू नये म्हणून बीपीची लघवी होणारी गोळीही परस्पर बंद केली होती. पडल्या त्या पहाटे चक्कर कशाने आली, याचा शोध पुण्यातल्या दोन डॉक्टरांकडे चालला होता. दादा खांबाला टेकून ऐकत होते. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

मग मी एक पाठकोरा कागद मागितला. पहाटे पाचपासून दुसऱ्या पहाटे पाचपर्यंत चोवीस ओळी. प्रत्येक तासाला आजी काय करतात ते लिहायचं, आणि ज्या तासाला दुसरं माणूस लागतं तिथे फुली मारायची. फुली मारायचा अधिकार फक्त आजींचा. ताई मधे बोलल्या, "अगं, दुपारी पण कोणी नको का?" आजी म्हणाल्या, "दुपारी मी निजते. निजायला माणूस कशाला?"

फुल्या पडल्या त्या अशा. सकाळी साडेसहा ते आठ: अंघोळीचं पाणी, हंडा उचलणं, गोळ्या. संध्याकाळी तासभर: भाकरी आणि दारं लावणं. महिन्यातून एकदा दवाखाना. आणि रात्र.

म्हणजे दिवसाचे अडीच तास आणि रात्रीची सोबत. दादा शोधत होते चोवीस तास.

अशा कुटुंबांना मी आता पहिल्यांदा हेच करायला लावते. खेड्यात 'सेवा' या नावाने विचारलं की काही मिळत नाही. तिथे ब्युरो नाही, पाटी नाही, दरपत्रक नाही. चोवीस तासांचं माणूस तर नाहीच, कारण ज्याच्या त्याच्या दाराशी जनावरं आणि शेत आहे. पण 'सकाळी साडेसहा ते आठ कोण येईल' असं विचारलं की तीन नावं पुढे येतात. गावात तास मिळतात.

इथे अडीच तास निघाले म्हणून सगळीकडे तेवढेच निघतील असं मात्र नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा विसरण्याचा आजार पुढे गेला असेल, तर सगळा कागद फुल्यांनी भरतो. तेव्हा मळ्यात ठेवण्याचा हट्ट सोडावा लागतो. ते मी स्पष्ट सांगते.

सकाळचं नाव सगळ्यांना माहीतच होतं. भावकीतली एक सून, बांधापलीकडे घर. मनगट मोडलं तेव्हा महिनाभर तिनेच केलं. दादांनी तिला साडी दिली. त्यानंतर ती येईनाशी झाली आणि दादांच्या मनात अढी बसली: "लोक बदललेत मॅडम, माणुसकी राहिली नाही."

मी तिच्याशी वेगळं बोलले. ती बचत गटात, शिवाय शिवणकाम करते. म्हणाली, "काकूंचं करायला मला जड नाही हो. पण सासू म्हणती, रोज तिकडं दीड तास घालवतीस, मिळतं काय? साडीनं गॅस भरत नाय."

शेजारधर्म अडीनडीला असतो. रोज सकाळी साडेसहाला त्याच्याकडून हजेरीची अपेक्षा धरली की तो मोडतो, आणि मोडला की आपण समोरच्याची माणुसकी काढतो. दादांना पैसे द्यायचा संकोच होता, "घरातलीच आहे, अपमान व्हायचा." मग आकडा ताईंनी तिच्या सासूसमोर काढला: सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याला ५,००० रुपये, एक तारखेला तिच्या खात्यात, महिन्यात चार सुट्ट्या, सुट्टीच्या दिवशी कोण येणार तेही ठरलेलं. सगळं वहीच्या पानावर लिहिलं. अपमान कोणाचाच झाला नाही. सासूबाईंनी फक्त विचारलं, "दिवाळीची साडी आहे ना पण?"

चुलीचा प्रश्न मात्र मी सोडवला असं म्हणणार नाही. ब्युरोच्या बायकांना आजी चुलीपाशी का येऊ देत नव्हत्या, त्यात परकेपणा होता आणि जातही होती. आपल्याकडे हे कोणी मोठ्याने बोलत नाही. भावकीतली सून आल्यावर तो प्रश्न बाजूला पडला, एवढंच.

बावीस पावलांचं काम सर्वांत सोपं निघालं आणि त्यालाच सर्वांत जास्त विरोध झाला. मागच्या पडवीला लागून संडास बांधायचं ठरलं, पण गवंडी मिळेपर्यंत कमोडची खुर्ची आणू म्हटलं तर आजी उसळल्या. "घरात हगायचं का आता?" दोन आठवडे खुर्ची कोपऱ्यात, वर घड्या घातलेली गोधडी. जूनमध्ये एका रात्री पाऊस कोसळला, आणि सकाळी गोधडी खाली होती. कोणी काही बोललं नाही. दादांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, बोलू नका. गोळी स्थानिक डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली, फक्त सकाळची करून.

सरकारी योजनांबद्दल दादांना एकदम सगळं हवं होतं किंवा काहीच नको होतं. अशी खुर्ची, वॉकर, काठी, चष्मा यांच्यासाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. यांचं बसत नव्हतं, विकत आणली. ७० वर्षांपुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. २०२४च्या ऑक्टोबरपासून आहे, आजींचं काढलेलंच नव्हतं. ते काढलं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाचं, त्यावर घरी बाई येत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. पेन्शन, कायदा, जवळची सोय विचारायला किंवा कोणी ज्येष्ठांना त्रास देत असेल तर तिथे फोन करावा. भाकरी करायला माणूस ते पाठवत नाहीत.

खरी उपयोगी पडली ती आशाताई. बाळंतिणी आणि लसी हेच तिचं काम, असा दादांचा समज होता. तिने आजींना उपकेंद्रात नेलं, तिथे बीपी-शुगर मोजतात, गोळ्याही मिळतात. गोळीसाठी दर महिन्याला पुण्याहून कुरियर यायचं ते थांबलं. तालुक्याला जायचं तर एसटी ७५ वर्षांपुढच्यांना फुकट आहे, २०२२पासून. आजींना हे दादांच्या आधीपासून माहीत होतं. त्या दोनदा एकट्या जाऊनही आल्या होत्या, लेकरांना न सांगता.

या सगळ्यात एक पुतण्या पुढे आला. "काकूला मी बघतो, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? फक्त विहिरीजवळचं अर्धा एकर माझ्या नावावर करा." दादा थकलेले होते, त्यांना हे बरं वाटलं. मी वकील नाही, पण असल्या सौद्यांनंतर रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतो. आपल्याकडे त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. म्हणून द्यायचंच असेल तर ती अट दस्तात स्वच्छ लिहून घ्या, वकिलाला दाखवा, आणि आधी सहा महिने त्याला नुसतं सांभाळून दाखवू दे. पुतण्याने सहा महिन्यांचं ऐकलं आणि विषय पुन्हा काढला नाही. आजी म्हणाल्या, "मला ठावं होतं. तुमी इचारलं कुठं?"

राहिली रात्र. पैसे देऊनही रात्रीला कोणी तयार होईना, बिबट्यामुळे. दाराबाहेर मोठा दिवा लावला, कडी आतून बदलली, आजींच्या गळ्यात साधा बटणांचा फोन अडकवला. मळ्यात ज्या एका कंपनीची रेंज ओट्यावर मिळते तिचं कार्ड घातलं आणि उशाची जागा त्या भिंतीला आणली. तरी सोबत हवी होती, आणि ती मला सुचली नाही, दादांनाही नाही.

सुनेचा थोरला दहावीला आहे. घरात टीव्ही, दोन लहान भावंडं. आजींनी त्याला सांगितलं, माझ्या पडवीत अभ्यास कर, दिवा आहे, गडबड नाही, निजायचं तर इथेच नीज. तो रात्री आठला दप्तर घेऊन येतो. आजी त्याला अकराला दूध देतात आणि इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत बसायला लावतात. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यामुळे चुकला तरी कळत नाही, पण थांबला की कळतं.

दादा परवा आले होते, तिसऱ्या महिन्याची भेट. दर शनिवारी मळ्यात जातात. आता भांडण एवढंच की ताईंनी कधी जायचं. मी विचारलं, "मार्चमध्ये परीक्षा संपली की रात्रीचं काय?" त्यांनी मोबाइल काढून दाखवला, १ मार्चला आठवण लावून ठेवली होती: रात्रीचं बघणे.

"आईला विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणाली, त्याची बहीण पुढच्या साली दहावीला हाय."