फिलाडेल्फियात पूर्वी खरंच मोठं क्रिकेट खेळलं जायचं का? मग ते बंद का पडलं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला शिफ्ट होताय, तिथे शंभर वर्षांपूर्वी क्रिकेट जोरात होतं असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का, बंद का पडलं आणि आपल्याला शनिवार-रविवार खेळायला मिळेल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो, मिळेल. बाकीचं जरा लांबेल, कारण तुम्ही नेमकी माझी जुनी खपली काढलीत.

आधी एक करा, 'अमेरिकेत क्रिकेट आपण देशी लोकांनी आणलं' हे डोक्यातून काढून टाका. हे वाक्य मी दरवर्षी गणपतीच्या जेवणात ऐकतो, आमच्या साडूभाऊंच्या तोंडून, हातात मोदक. साडूभाऊ आमच्या टीमचे कॅप्टन पण आहेत, त्यामुळे मूग गिळून बसावं लागतं. इथे बसणार नाही.

फिलाडेल्फियाच्या बाहेर हॅव्हरफर्ड कॉलेज आहे, १८३३ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेलं. तिथे पोरांना क्रिकेट शिकवलं ते कार्व्हिल नावाच्या इंग्लिश माळ्याने. आणि शहरातल्या जर्मनटाउन भागात गिरण्या होत्या, तिथे नॉटिंगहॅमहून आलेले मोजे विणणारे कामगार सुट्टीच्या दिवशी खेळायचे, त्यांच्याकडून तिथल्या बड्या घरच्या विस्टर नावाच्या पोराने खेळ उचलला आणि पुढे क्लब वगैरे उभे केले. म्हणजे आणलं कुणी, तर एक माळी आणि काही विणकर. क्लबवाले साहेब नंतर आले. १८५४ ला फिलाडेल्फिया क्रिकेट क्लब, त्याच वर्षी जर्मनटाउन, १८६५ ला मेरियन. तिकडे न्यूयॉर्कमध्ये अमेरिका विरुद्ध कॅनडा ही मॅच १८४४ सालीच झाली होती, पहिली कसोटी व्हायच्या तेहतीस वर्षं आधी (कॅनडा २३ धावांनी जिंकलं). आमच्या साडूभाऊंचे पणजोबा तेव्हा विटीदांडू तरी खेळत होते का ते मला माहीत नाही.

आणि हे सगळं नुसतं हौस-मौज नव्हतं. १८९३ मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून परत निघालेला ऑस्ट्रेलियाचा संघ फिलाडेल्फियात उतरला आणि इथल्या लोकल पोरांकडून एक डाव आणि ६८ धावांनी हरला. १८९७ ला फिलाडेल्फियावाले इंग्लंडला गेले तेव्हा ससेक्सला त्यांनी ४६ मध्ये गुंडाळलं, त्यात बार्ट किंगने १३ धावांत ७ घेतल्या आणि त्या सातांत एक होते रणजी, म्हणजे ज्यांच्या नावाची ट्रॉफी आपण खेळतो ते, पहिल्याच चेंडूवर बोल्ड.

किंगबद्दल थांबून सांगितलंच पाहिजे, माझी पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर टेकलेली आहे. हा काही बड्या घरचा नव्हता, घरचा लिननचा धंदा, लहानपणी बेसबॉल खेळलेला. बॉलिंग टाकताना शेवटच्या क्षणी दोन्ही हात डोक्यावर नेऊन चेंडू धरायचा, अगदी बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरसारखा, आणि मग सोडायचा. त्याचा खास चेंडू हवेत सरळ यायचा आणि अगदी शेवटी आत वळायचा, त्याला तो 'अँगलर' म्हणायचा. १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात ८७ विकेट, सरासरी ११.०१, त्या सीझनला सगळ्या इंग्लंडात पहिला नंबर. ती सरासरी मोडायला १९५८ उजाडलं, पन्नास वर्षं. त्याची एक गोष्ट सांगतात (तो स्वतःच रंगवून सांगायचा म्हणे, तेव्हा मीठ लावून घ्या), समोरच्या टीमचा कॅप्टन उशिरा आला आणि मी असतो तर तुमची अशी पडझड झालीच नसती म्हणून फुशारक्या मारायला लागला, तर तो कॅप्टन बॅटिंगला आल्यावर किंगने सगळ्या फिल्डर्सना मैदानाबाहेर पाठवलं, विकेटकीपरसकट. मग विचार करून एकाला परत बोलावलं आणि स्टंपांच्या मागे वीसेक यार्डांवर, जरा लेगला उभं केलं. पुढचा चेंडू, लेग स्टंप उडाला आणि चेंडू घरंगळत बरोबर त्या माणसाच्या पायाशी.

आता माझी गोष्ट. २०१७. आमच्या ऑफिसात एक गोरा पोरगा होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा, कॉलेजात पिचर होता, आम्ही त्याला पिचरच म्हणायचो. लंचला माझ्या फोनवर आयपीएल बघून विचारायला लागला, हे चेंडूचा टप्पा कशाला पाडतात, सरळ का नाही टाकत. मी म्हटलं ये रविवारी, दाखवतो. पहिल्या दिवशी नेटमध्ये त्याने चेंडू टाकला नाही, फेकलाच, स्टंपांच्या दोन फूट वरून जाळीत. मी म्हटलं बाबा, कोपर. कोपराला झटका द्यायचा नाही. पुढच्या रविवारी हा आला तो कोपराला लाकडी फूटपट्टी क्रेप बँडेजने बांधून. मला आधी वाटलं पडला बिडला कुठे. म्हणे आठवडाभर गॅरेजमध्ये असाच प्रॅक्टिस करतोय. चौथ्या रविवारी पट्टी सोडून टाकायला लागला, हात सरळ, आणि एक चेंडू असा आला की ऑफ स्टंपच्या बाहेर आहे म्हणून मी सोडायला गेलो आणि तो शेवटच्या चार-पाच फुटांत आत शिरला. लेग स्टंप. मी पंधरा वर्षं खेळतोय हो, दादर-माहीमच्या मैदानांवर खेळून आलेलो माणूस. मला काही कळलंच नाही. किंगचं नाव मी तेव्हा ऐकलं पण नव्हतं, ते नंतर शोधलं, या चेंडूमुळेच.

बॅटिंग म्हणजे आनंदी आनंद. मारला की बॅट टाकून पळायचा, आणि पळायचा ते पण पॉइंटच्या दिशेने. पण थ्रो! बाउंड्रीवरून एका टप्प्यात नाही, बिनटप्प्याचा सरळ कीपरच्या हातात. आमच्या टीममध्ये बाउंड्रीवरून थ्रो म्हणजे मध्ये दोन माणसं लागतात, रिले रेससारखं.

मी साडूभाऊंना म्हटलं याला घ्या. ते म्हणाले, "अरे लीगची मॅच आहे, पॉइंट्स आहेत, गंमत आहे का? अंपायरने चकिंग दिलं म्हणजे?" मी म्हटलं अहो बघा तर एकदा नेटमध्ये. बघायला आले नाहीत. वर म्हणाले, "आणि मग दिवसभर मैदानावर इंग्लिशमध्ये बोलत बसायचं का?" हे खरं कारण. बाकी सगळं वरचं वेष्टण.

मग तो रविवार आला. सकाळी आठला आम्ही सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरून खिळे ठोकतोय, आणि कळलं की आपण दहाच आहोत, एकाच्या मुलीचं बारसं. पिचर तिथेच उभा, पांढरे कपडे घालून, नवीन घेतलेले, बाहीवर घडीची रेघ तशीच. साडूभाऊंनी दहाच खेळवले. त्याला म्हणाले तू आज स्कोअर लिही, शिकायला मिळेल. तो बिचारा आइसबॉक्सवर बसला वही घेऊन, चाळीस ओव्हर एकांची आणि चाळीस ओव्हर दुसऱ्यांची. थर्ड मॅन रिकामा ठेवला होता, तिथून चौकारांची रांग लागली. दोन कॅच सुटले. आम्ही चार धावांनी हरलो. दहा माणसं, चार धावा, आणि अकरावा माणूस आइसबॉक्सवर. संध्याकाळी त्याने वही माझ्या हातात दिली, पोह्यांचा डबा चांगला होता म्हणाला, आणि परत कधी आला नाही. ऑफिसात बोलायचा नेहमीसारखं, पण क्रिकेटचा विषय नाही.

तर आता तुमचा प्रश्न, बंद का पडलं. माझं सरळ मत आहे, दार बंद ठेवलं म्हणून. संघाचं नावच 'जंटलमेन ऑफ फिलाडेल्फिया'. दोन-तीन दिवसांच्या मॅचेस, ज्याला कामावर जायचंय तो कशाला खेळेल? बेसबॉलला दोन तास आणि कसलंही माळरान पुरतं, वर चांगला खेळलास तर पैसे. किंगसारखा एखादा बाहेरून आत शिरला तो शिरला, पण त्याच्यामागून दुसरा कुणी येईल अशी सोय कुणी केलीच नाही. त्याचा बेलमाँट क्लब १९१४ ला बंद. इथल्या क्लबांची हॅलिफॅक्स कप म्हणून स्पर्धा होती, १८८० पासून चाललेली, ती १९२६ ला संपली. उरलेल्या क्लबांनी तीच हिरवळ टेनिसला दिली, जर्मनटाउन क्रिकेट क्लबवर १९२१ ते २३ अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा झालीय, बोला. आजही पाटी क्रिकेट क्लबची आणि आत टेनिस. नव्या माणसाचा गोंधळ उडतो. (फिलाडेल्फिया क्रिकेट क्लबने १९९८ पासून क्रिकेट परत सुरू केलंय, तेवढं श्रेय देतो.)

इंग्लंडवाल्यांनी पण तेच केलं. १९०९ मध्ये आयसीसी निघाली तेव्हा त्यातला आय म्हणजे 'इंपीरियल' होता, साम्राज्यातलेच देश आत. किंग इंग्लंड गाजवून आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी! १९१२ ला याच फिलाडेल्फियाने ऑस्ट्रेलियाला दोन धावांनी हरवलं, किंग तेव्हा चाळिशीला टेकलेला, तरी ते बाहेरच. अमेरिकेला दारात उभं करायला १९६५ उजाडलं.

हे सगळं मी साडूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले ते वेगळं, हे वेगळं. वेगळं कसं? आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप मराठी-हिंदीत, शेजारच्या टीमचा तेलुगूत, त्यापलीकडच्यांचा उर्दूत, आणि मैदानाशेजारून कुत्रं घेऊन जाणारा अमेरिकन माणूस वीस वर्षं नुसता हात हलवून जातोय. २०२४ च्या जूनमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला डलासजवळ अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ती ओव्हर आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रवलकरने टाकली, नंतर न्यूयॉर्कला कोहलीला पहिल्याच चेंडूवर काढलं. रात्रभर ग्रुपवर नाचगाणी, आणि साडूभाऊंचा मेसेज, 'बघा, आपण आणलं क्रिकेट'. मला नेत्रवलकरचा अभिमान आहेच, कुणाला नसेल. पण त्या न्यूयॉर्कच्या स्टेडियमचे स्टँड स्पर्धा संपल्यावर लगेच उतरवले, आणि आमच्या शेजारच्या अमेरिकन पोराला अजून वाटतं की आम्ही क्रोके, म्हणजे तो गवतावर लाकडी हातोड्याने चेंडू ढकलायचा खेळ, खेळतो.

हां, आता प्रामाणिकपणे दोन-तीन गोष्टी. फक्त दार बंद ठेवल्यानेच सगळं बुडालं असं नाही, पहिलं महायुद्ध, गोल्फ, मोटारी, श्रीमंतांची हौस बदलते हेही होतंच. मध्ये बरीच वर्षं कॅरिबियन मंडळींनी पूर्व किनाऱ्यावर खेळ धरून ठेवला, त्यांचं नाव आपण घेतच नाही, मीही आत्ता शेवटी घेतोय. आणि ते जे दोन कॅच सुटले त्यातला एक माझा होता. ऊन डोळ्यावर होतं.

तुमच्यासाठी कामाचं: सीझन साधारण एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे तुम्ही ऑक्टोबरात उतराल तेव्हा मॅट गुंडाळलेले असतील, हिवाळ्यात इनडोअर नेट शोधा. लेदर बॉलच्या लीग आहेत, टेनिस बॉलच्या पण आहेत, कुठल्याही इंडियन ग्रोसरीत काउंटरवर विचारा, तिथेच कळतं. बहुतेक मैदानं मॅटची, खिळ्यांचे बूट आणू नका, रबरी तळव्याचे आणा. बॅट तिकडूनच घेऊन या, ठोकून तयार करून. एप्रिल-मेमध्ये हॅव्हरफर्डला चक्कर मारा, कोप फील्डवर कॉलेजची पोरं अजून खेळतात, गवतावर बसून बघा, आणि कॉलेजच्या लायब्ररीत जुन्या क्रिकेटचा मोठा संग्रह आहे तोही बघा. टीम निवडताना एकच विचारा, तुमच्याकडे देशी सोडून कुणी खेळतं का. कॅप्टन हसला तर दुसरी टीम बघा. आमच्या टीममध्ये यायचं असेल तर या, एक जागा कायम असते, का ते वर लिहिलंय.

ती स्कोअरची वही अजून माझ्या किटबॅगेत आहे. पिचरला आपली पद्धत कुणी नीट सांगितलीच नव्हती, म्हणून त्याने बेसबॉलसारखं लिहिलं, बोल्ड झाला की इंग्रजी के. आणि चेंडू सोडून नुसता बघत राहिला आणि बोल्ड झाला, तर उलटा के. बेसबॉलमध्ये स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झालेल्याला, तशीच रीत आहे. तो के सुरू केला हेन्री चॅडविकने, आणि तो मुळात इंग्लंडहून आलेला क्रिकेटचाच बातमीदार, म्हणजे फिरून परत तिथेच. त्या दिवशीच्या आमच्या अख्ख्या डावात उलटा के एकच आहे, तीन नंबरला आलेल्या कॅप्टनच्या नावापुढे. साडूभाऊ म्हणतात तो स्कोअर धरायचा नाही, लिहिणारा अधिकृत नव्हता.