श्रेणी अ-२, पण वाचन अडते

‘‘प्रगतिपुस्तकात अ-२ हाय म्हणते गुरुजी, अन् घरी पेपरातली एक ओळ वाचाले लावली त पोरगी रडते. आता खरं काय समजावं?’’ दिवाळीच्या सुटीनंतर भेटायला आलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा हा प्रश्न मला थोड्याफार फरकाने अनेक पालकांकडून ऐकायला मिळतो. (ओळख पटू नये म्हणून येथील काही तपशील बदलले आहेत.) मुलगी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत चौथीत होती. गावात पाचवीचा वर्ग नसल्याने पुढच्या वर्षी तिला शेजारच्या गावातील हायस्कूलमध्ये जावे लागणार होते आणि पाचवीत आता नापास करतात, हे वडिलांच्या कानावर आलेले होते. पोरीच्या डोक्यातच काही कमी असेल का, अशी शंका एकीकडे आणि तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालण्याचा विचार दुसरीकडे, अशा ओढाताणीत ते होते.

मुलीसमोर मी आधी तिचेच भाषेचे पुस्तक ठेवले. तिने कवितेवर बोट ठेवून ती ठसक्यात, चालीसह म्हणून दाखवली. मध्येच मी पान उलटले, तरी बोट नव्या पानावर सरकत राहिले आणि तोंडाने जुनीच कविता चालू राहिली. मग अक्षरे, साधे शब्द, लहान उतारा आणि गोष्ट अशा चढत्या क्रमाने वाचायला दिले. २००५ पासून ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील मुलांचे वाचन याच पद्धतीने तपासले जाते आणि त्याला काही मिनिटे पुरतात. अक्षरे सगळी आली. ‘घर’, ‘काका’, ‘पाणी’ हे शब्दही आले. ‘विहीर’ मात्र तिने ‘वहर’ असे वाचले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून अंदाजाने ‘वावर’ म्हटले. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार यांच्यापाशी तिची गाडी थांबत होती, जोडाक्षरे तर फार पुढची गोष्ट. ऐकलेली गोष्ट मात्र तिने क्रमाने, बारकाव्यांसह परत सांगितली. तिच्या समजेविषयीची शंका माझ्यापुरती तेथेच मिटली. तरीही डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितले, कारण फळ्यावरचे न दिसणारे मूल ‘ढ’ ठरल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

मग अ-२ आले कोठून? राज्यात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीसाठी १०० पैकी ६० गुण आकारिक म्हणजे वर्गात रोज चालणाऱ्या मूल्यमापनाला आणि ४० संकलित म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाला आहेत. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने येतात. ही मुलगी बोलकी, पाठांतर उत्तम, वही नीटनेटकी आणि फळ्यावरचे हुबेहूब उतरवून घेणारी. तिला ८१ ते ९० गुणांची ती श्रेणी मिळाली यात कोणी लबाडी केली असे मला वाटत नाही. मुलगी वाचनाच्या कोणत्या पायरीवर उभी आहे, हे त्या एका अक्षरात मावत नाही, एवढेच. मुलाचे रोज निरीक्षण करावे आणि त्यानुसार आपले शिकवणे बदलावे, हा या पद्धतीचा मूळ हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात ‘वाचनाची आवड आहे’, ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होते’ अशी साच्यातली वाक्ये उतरतात आणि कागद पूर्ण होतो. या मुलीच्या रकान्यातही पहिले वाक्य होतेच!

वडिलांना मी शाळेत भांडायला न जाता एकच प्रश्न विचारायला सांगितले, ‘‘गुरुजी, माझी मुलगी अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट यांपैकी कुठपर्यंत वाचते?’’ पुढच्या भेटीला मीही सोबत गेले. दोन शिक्षकांकडे चार वर्ग आणि त्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचे काम, हे गुरुजींचे म्हणणे खोटे नव्हते. बोलता बोलता त्यांनी स्वतःच सांगितले की तिसरी-चौथी मिळून अशी आणखी काही मुले आहेत.

यावरचा उपाय संशोधनाने बराच तपासलेला आहे. मुंबई आणि वडोदरा येथे तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणींनी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत गोष्टी शिकवल्या, तेव्हा त्यांची प्रगती स्पष्ट दिसली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गुरुजींनी दुपारचा एक तास तिसरी-चौथीची मुले इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पायरीनुसार बसवायला सुरुवात केली. बाराखडीचा तक्ता, शब्दपट्ट्या, मोठ्याने गोष्टवाचन, एवढेच साहित्य. गटाला ‘कच्ची मुले’ म्हणायचे नाही आणि पायरी ओलांडली की मूल लगेच पुढच्या गटात बसवायचे, या दोन अटी मी आग्रहाने घातल्या.

वहीवर गुण किंवा शेरा देण्याऐवजी ‘उद्या पहिली आणि दुसरी वेलांटी पाहून पाच शब्द वाच’ अशी एकच नेमकी सूचना द्यावी, हेही ठरले. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात केवळ सूचना मिळालेली मुले सुधारली, तर सूचनेसोबत गुणही मिळालेल्यांना त्या सूचनेचा फारसा लाभ झाला नाही. आपण पालकही गुणांचा आकडा पाहिला की खालची ओळ वाचत नाही, हे कबूल करायला हवे.

आईला वाचता येत नव्हते, म्हणून ती संकोचत होती. तिच्याकडे काम दिले ते ऐकण्याचे. चुलीजवळ बसून मुलीने रोज थोडे वाचायचे, आईने ‘मग पुढे काय झालं?’ एवढे विचारायचे. इंग्रजी शाळेचा विचार सोडावा, असे मी स्पष्ट सांगितले. ज्या भाषेत ती विचार करते त्या भाषेतच वेलांटी अडत असताना नव्या भाषेत नव्याने अडखळायला लावणे हा पैशाचा आणि मुलीचा दोघांचाही तोटा होता.

नापास होण्याची भीती मात्र निराधार नव्हती. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही, या शिक्षण हक्क कायद्यातील तरतुदीत २०१९ मध्ये बदल झाला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण लागतात. ते न मिळाल्यास निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा होते आणि त्यातही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकते. मात्र आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही, हे वडिलांना ठाऊक नव्हते.

कापूस वेचणीच्या दिवसांत लहान भावाला सांभाळायला मुलगी घरी राहिली आणि मिळवलेले थोडे निसटलेही. पुढे आजीने नातवाची जबाबदारी घेतल्यावर पुन्हा घडी बसली. चौथी संपताना ती छोटा उतारा हळू, पण समजून वाचत होती. ‘विद्यार्थी’, ‘वर्षा’ अशा शब्दांवर ती अजून थांबते. दाखल्यासोबत गुरुजींनी हायस्कूलच्या वर्गशिक्षकांसाठी अर्धे पान लिहून दिले. काय येते, कोणती जोडाक्षरे अडतात आणि तोंडी विचारले तर उत्तर येते, एवढेच त्यात होते. श्रेणी लिहिलेली नव्हती.