मांजर माजावर येते तेव्हा

या वेळी आलेली बहुतेक पत्रं मांजरींचा माज, बोके आणि पिल्लं यांविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

आमची साडेपाच महिन्यांची मांजर तीन दिवस रात्रभर ओरडते आहे. लादीवर लोळते, पायात घोटाळते, खाणंही कमी झालंय. पोटात दुखत असेल का? (पुणे)

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती माजावर आली आहे. साडेपाच महिने हे वय त्यासाठी मुळीच लहान नाही. काही माद्या चौथ्या महिन्यातच माजावर येतात, बऱ्याचशा सहाव्याच्या आसपास. खात्री करायची तर तिच्या पाठीवरून शेपटीच्या मुळाकडे हलकेच हात फिरवा. माजावर असेल तर पुढचे पंजे आणि छाती जमिनीला टेकवेल, मागचा भाग उचलेल, शेपूट एका बाजूला घेईल आणि मागचे पाय जागच्या जागी टाकत राहील. दुखणारं मांजर असं करत नाही. ते कोपऱ्यात जाऊन बसतं आणि हात लावू देत नाही.

कुत्रीसारखा रक्तस्राव मांजरीला माजात होत नाही. म्हणून रक्त किंवा पू दिसला, किंवा ती लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसते आणि थेंबही पडत नाही असं झालं, तर माज समजून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

माज साधारण आठवडाभर टिकतो. बोक्याशी संबंध आला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो, आणि असं महिनोन्‌महिने चालू राहतं. या दिवसांत दारं-खिडक्या नीट लावा. एरवी उंबरा न ओलांडणारी मांजर माजात गॅलरीतून उडी घेते. आणि ओरडते म्हणून तिला मारू नका, कोंडू नका. त्या ओरडण्यावर तिचा ताबा नसतो.

शेजारचा बोका आमच्या भाटीकडे येतो. मिलनाच्या शेवटी ती किंचाळते आणि त्याच्यावर धावून जाते. तो तिला इजा करतो का? आणि एकदाच झालं तर पिल्लं राहतात का? (चिपळूण)

बोका तिची मान दातांत धरतो आणि प्रत्यक्ष मिलन काही सेकंदांतच उरकतं. बोक्याच्या लिंगावर मागच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. तो बाजूला होताना हे काटे योनीच्या आतल्या भागाला घासतात, तेव्हा ती किंचाळते आणि वळून पंजा मारते. जाणता बोका लगेच दोन हात लांब जाऊन बसतो. ती मग जोरजोरात लोळते, स्वतःला चाटते, आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याला जवळ येऊ देते. तिला जखम झाली आहे असं समजून मध्ये पडायचं कारण नाही. पडलात तर चावा तुम्हालाच बसेल.

हे घासणंच मांजरीच्या प्रजननातला कळीचा भाग आहे. बाई, गाय, कुत्री यांच्यात अंडं ठरावीक वेळ आली की आपोआप सुटतं. मांजरीत बहुधा तसं होत नाही. मिलनाची संवेदना मेंदूपर्यंत जाते, तिथून अंडाशयाला संप्रेरकाचा इशारा मिळतो, आणि मग साधारण एक ते दोन दिवसांनी अंडी सुटतात. एका मिलनाने तो इशारा पुरेसा होईलच असं नाही, म्हणून दिवसभरात अनेकदा मिलन होतं. पण एकदाच झालं म्हणून निश्चिंत राहू नका, एका वेळीही गर्भ राहू शकतो. नर शुक्रजंतू देतो आणि अंडी सुटण्याची घटकाही त्याच्याच येण्याने ठरते. एकटी फिरणारी मादी आणि कधीतरी गाठ पडणारा नर, अशा प्राण्याला ही व्यवस्था किती चपखल बसते!

याचा एक परिणाम तुमच्या अंगणातच दिसेल. माजाच्या दिवसांत दोन-तीन बोके येऊन गेले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एक पिल्लू काळं, एक पट्ट्यांचं आणि एक पांढरं निघालं तर नवल वाटून घेऊ नका. सख्खे भाऊ-बहीणही आपसात जुगतात, मांजरांत नात्याचा आडपडदा नसतो. भावंडं पाळणाऱ्यांनी हे चौथ्या महिन्यापासून लक्षात ठेवावं.

मिलन झालं, अंडी सुटली, पण गर्भ राहिला नाही, तर साधारण दीड महिना खोटी गर्भावस्था असते. त्या काळात माज येत नाही. गर्भ राहिला तर सुमारे ६३ ते ६७ दिवसांनी मांजर विते. तिसऱ्या आठवड्यात आचळं गुलाबी आणि मोठी दिसू लागतात, ती पहिली खूण.

वर्षातून किती वेळा पिल्लं होतात? लंडनमधल्या माझ्या बहिणीची मांजर हिवाळ्यात शांत असते, आमची मात्र बारा महिने तयार! (ठाणे)

फरक दिवसाच्या लांबीचा आहे. उजेड वाढला की मांजरीची प्रजननसंस्था जागी होते, रात्री लांबल्या की थंडावते. लंडनला डिसेंबरातला दिवस आठ तासांच्या आसपास असतो. आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा, त्यात घरात रात्री उशिरापर्यंत दिवे. त्यामुळे आपल्याकडे पूर्ण विश्रांतीचा काळ फारसा येतच नाही. वर्षात दोन वेतं सहज होतात, तीनही होऊ शकतात, आणि दर वेतात साधारण तीन ते पाच पिल्लं.

नसबंदी करायचीच आहे, पण सासूबाई म्हणतात, "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला." तोवर माज थांबवायची गोळी दिली तर? (नागपूर)

सासूबाईंची माया खरी आहे, पण मांजरीला मातृत्वाची आस लागलेली नसते. माज हा संप्रेरकांचा खेळ आहे. एक वेत झाल्याने ती शांतही होत नाही आणि तिची तब्येतही सुधारत नाही. उलट उशीर केल्याचं नुकसान मोजलेलं आहे. मांजरींच्या स्तनांतल्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्याच निघतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर हा फायदा जवळपास उरतच नाही. शिवाय गर्भाशयच काढल्यामुळे त्यात पू होण्याची भीती राहत नाही. हा आजार जिवावर बेततो. पहिल्या माजाआधी, चौथ्या-पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया करा असंच मी प्रत्येकाला सांगते. माज चालू असताना तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून त्या वेळी करायची की थोडं थांबायचं हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

गोळ्या देऊ नका. मेडिकलमधून आणलेल्या माणसांच्या संप्रेरकांच्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्यांनी गर्भाशयात पू होणं, स्तन सुजणं, मधुमेह असे त्रास होतात. शस्त्रक्रियेनंतर दुखत असेल म्हणून घरातलं पॅरासिटामॉलही देऊ नका, मांजरासाठी ते विष आहे.

मांजर माळ्यावर व्याली. आता पिल्लं उचलून जागा बदलते आहे. आम्ही हात लावला म्हणून का? बोका पिल्लं खातो हे खरं का? (रत्नागिरी)

पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतोच. हात लागला म्हणून ती पिल्लं टाकत नाही, पण वर्दळ, डोकावणारी मुलं, जागेचा वास, बोक्याची चाहूल, यातलं काहीही तिला हलायला पुरतं. एक खोका, जुनी चादर, अंधारा कोपरा आणि जवळच पाणी ठेवा आणि बाजूला व्हा. दूध पाजणाऱ्या मांजरीला नेहमीपेक्षा बरंच जास्त खायला लागतं, तेव्हा हात आखडू नका. ती अचानक थरथरू लागली किंवा लटपटत चालू लागली तर शरीरातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. तासाभराचाही उशीर करू नका.

बोके पिल्लं मारतात हे खरं आहे. पिल्लं गेली की मादी लवकर माजावर येते, हे त्याचं कारण मानलं जातं. प्रत्येक बोका असं करत नाही, पण परक्या बोक्याला माळ्याची वाट मोकळी ठेवू नका.

आणखी एक. अंगावर पिल्लं पीत असली की पुन्हा गर्भ राहत नाही, या भरवशावर राहू नका. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची असतानाच, कधी त्याआधीही, ती माजावर येते. पिल्लं खायला लागून दूध सुटलं की लगेच तिची शस्त्रक्रिया उरकून घ्या.

तीनरंगी मांजर नेहमी मादीच असते का? (कोल्हापूर)

जवळजवळ नेहमीच. केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि केशरी एकत्र दिसायला दोन एक्स हवेत, आणि नराकडे एकच असतो. क्वचित एखादा नर जादा एक्स घेऊन जन्मतो आणि तीनरंगी निघतो, पण तो बहुधा वांझ असतो.

बोक्याची नसबंदी होऊन दहा दिवस झाले. अजून भिंतीवर मुततो आणि घरातल्या मादीवर चढतो. शस्त्रक्रिया फसली का? (नाशिक)

फसलेली नाही. संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात. लिंगावरचे काटेही हळूहळूच नाहीसे होतात. उग्र वास आणि भिंतीवर फवारणं बहुतेक बोक्यांत बंद होतं, थोड्यांत सवय म्हणून राहतं. मुतलेली जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने धुवा. अमोनियाच्या वासाचं काही वापरू नका, त्या वासाने तो पुन्हा तिथेच येईल. आणि शुक्रजंतू मागे उरलेले असू शकतात. तुमच्या मादीची नसबंदी झाली नसेल तर महिना-दीड महिना दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.