शिह त्झूच्या जटा: आधी फणी, मग पाणी

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याहून आलाय: ३ वर्षांचा शिह त्झू जातीचा लांब केसांचा छोटा कुत्रा, दर रविवारी आंघोळ, तरीही कानामागे आणि काखेत जटा. पार्लरवाला म्हणतो, पावसाळ्याआधी पूर्ण भादरून टाका.

ताई, भादरायची घाई करू नका. तुमच्या जटा बहुधा आंघोळीनेच घट्ट होताहेत. गुंता न सोडवता पाणी पडलं की तो आवळतो आणि वाळताना त्याची घोंगडी होते. म्हणून आधी फणी, मग पाणी, मग पूर्ण वाळवणं, पुन्हा फणी, आणि कात्री सगळ्यात शेवटी.

बहुतेकजण वरवर ब्रश फिरवतात. वरून कुत्रा रेशमासारखा दिसतो, पण कातडीलगतचा थर तसाच राहतो. त्याला बाल्कांवातल्या (घरापुढच्या पडवीतल्या) सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, कुशीवर निजवा, खाली टॉवेल घाला. एका हाताने केस वर धरा म्हणजे भांगासारखी कातडीची रेघ दिसेल. त्याखालचे बोटभर केस स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने) विंचरा, मग हातातला पुढचा थर सोडा. पोटाकडून पाठीकडे असं चढत जायचं. ब्रशच्या तारा दाबू नका, कातडी खरवडते. जोर किती हे आधी स्वतःच्या मनगटावर बघा. शेवटी स्टीलची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा. ती अडली तर तिथे काम बाकी आहे. शक्य तर रोज, निदान एका दिवसाआड १५ मिनिटं.

जट सोडवताना ती मुळाशी चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही. थोडं कॉर्नफ्लॉर भुरभुरा आणि फणीच्या कोपऱ्याने टोकाकडून फोडत या. जटेखाली कात्री सरकवून कापू नका. ओढलेली कातडी जटेतच उभी राहते, दिसत नाही, आणि काखेत किंवा कानाच्या कडेला कापली तर टाके पडतात. कातडी आणि जट यांच्यामध्ये फणीचा दात शिरत नसेल तर तेवढाच भाग क्लिपरने (केस कापायच्या मशीनने), १० नंबरच्या ब्लेडने काढा. त्याने साधारण दीड मिलिमीटर केस राहतात. खाली लाल, ओलसर, वास मारणारी कातडी निघाली तर पुढचं काम डॉक्टरांचं. काखेतल्या जटांचं एक साधं कारण दिवसभर घातलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा. घरात आलात की काढा.

खोबरेल लावा असं घरची मोठी माणसं सांगतीलच. एका जटेला आंघोळीआधी दोन थेंब चालतील. अंगभर लावलंत तर आपली तांबडी धूळ त्यावर बसते आणि केस आणखी चिकटतात.

दर रविवार नको, दोन-तीन आठवड्यांनी आंघोळ पुरे. कोमट पाणी आणि कुत्र्यांचाच शॅम्पू, बाटलीवर लिहिलं असेल तसा पातळ करून. समुद्रावर नेलंत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने मीठ आणि वाळू धुवा.

जून ते सप्टेंबर खरी परीक्षा वाळवण्याची. नुसत्या पंख्याखाली दाट केस मुळाशी दमटच राहतात आणि त्यातूनच बुरशी, खाज सुरू होते. टॉवेल दाबून पाणी टिपा, चोळू नका. चोळलं की नवे गुंते. ड्रायर कोमट ठेवून वीतभर लांबून हलता धरा, सोबत ब्रश चालू ठेवा. बंद बाथरूममध्ये नको, चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्णता लवकर बाधते. संपलं असं वाटलं की हाताची पाठ काखेत आणि कानामागे लावा. गार लागलं म्हणजे अजून ओलं आहे.

लांबी कमी करायचीच तर क्लिपरवर फणी लावून १२-१३ मिलिमीटर ठेवा. कातडीपर्यंत उतरवलंत तर ऊन थेट लागतं. केस धुतलेले, वाळलेले आणि विंचरलेले हवेत, नाहीतर फणी अडते. ब्लेड तापतं, दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. डोळ्यांजवळ बोथट टोकाची कात्री वापरा, टोक कधीही डोळ्याकडे नको, आणि हनुवटी धरायला दुसरं माणूस हवंच.

पंजाच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीवर कापा. चिखल तिथेच साठतो, गोचीडही तिथेच लपते. बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, पट्ट्याखाली रोज बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, काडी पेटवून लावणं नको. त्यानंतरच्या दिवसांत ताप आला किंवा जेवण सोडलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि गोचीड सापडली होती हे आधी सांगा.