समुदाय मानसशास्त्र म्हणजे समाजसेवेलाच दिलेलं भारी नाव का?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला समुदाय मानसशास्त्र हा ऐच्छिक पेपर घ्यावा का, आणि क्लिनिकल, सामाजिक मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यूपेक्षा (म्हणजे समाजकार्यातल्या एम.ए.सारख्या पदवीपेक्षा) त्यात वेगळं काय, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या सरांनी ‘समाजसेवेचंच भारी नाव’ म्हणून विषय मिटवला, असंही लिहिलंय. सर अगदीच चुकले नाहीत, पण अर्धंच बोलले.

या कामात मला पंधराएक वर्षं झाली. व्याख्येच्या आधी एक प्रसंग सांगते. पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही बायकांच्या ताणाची पाहणी करत होतो. हातात छापील प्रश्नावली: झोप नीट होते का, चिडचिड होते का, थकवा वाटतो का. सगळीकडून धडाधड ‘हो’. गुणांची बेरीज पाहून मी समुपदेशन शिबिराचा प्रस्तावही लिहायला घेतला. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, “अगं, पडल्या पडल्या झोप लागते मला. पण पाणी येतंय साडेतीनला. झोपू कधी?” पहाटे साडेतीन ते पाच नळ, मग डबे, मग धुण्याभांड्याची कामं. आमच्या प्रश्नावलीत नळाचा रकानाच नव्हता.

क्लिनिकल नजर त्या बाईकडे पाहते: लक्षणं किती, कधीपासून, उपचार कोणते. तीही लागतेच, त्या गल्लीतल्या दोघींना खरोखर औषधोपचारांची गरज होती, त्यांना आम्ही डॉक्टरांकडे पाठवलं. आमची एमएसडब्ल्यू झालेली सहकारी अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला गेली. समुदाय मानसशास्त्राचा प्रश्न याहून थोडा वेगळा असतो: या गल्लीची घडी अशी काय बसली आहे की इथे राहणारी कुठलीही बाई आजारी वाटेल? आणि ती घडी बदलण्यात गल्लीतल्याच लोकांचा हात कसा राहील? बायकांनी मिळून चार-चार घरांच्या पाळ्या लावल्या, एक पाइप सामायिक घेतला. नळाला मोटर लावणाऱ्या दोन घरांशी भांडणही त्यांनीच केलं. त्यात आमचं काम दोन आठवडे कोण कधी उठतं याची नोंद ठेवणं आणि नंतर गप्प बसणं, एवढंच. पाण्याची वेळ बदलायला आठ महिने गेले, तीही पाऊण तासाने सरकली. मोठी चूक आमचीच: नंतर तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली नाही. पुराव्याच्या बाबतीत तिथे आम्ही नुसतेच समाजसेवक ठरलो, आणि सरांचा टोमणा तेवढ्यापुरता बरोबर.

मोजमापासकट केलेलं काम पाहायचं तर जॉर्ज फेअरवेदर वाचा. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोच्या माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात ते मानसशास्त्रज्ञ होते. वॉर्डात बरे झालेले रुग्ण घरी जात आणि पुन्हा भरती होत. फेअरवेदरनी उपचार वाढवले नाहीत. 1963 मध्ये रुग्णांच्या एका गटाला रुग्णालयाबाहेर एका जुन्या मोटेलात एकत्र राहायला दिलं. त्यांनी साफसफाईची कंत्राटं घ्यायची, पैसे वाटून घ्यायचे, नियमही आपणच करायचे. कानात आवाज येतात हे घरात बोलायला मुभा, कामावर आणि शेजाऱ्यांपुढे नाही, असला व्यवहारी नियम त्यांनीच काढला. तज्ज्ञ हळूहळू बाजूला झाले. नेहमीची सेवा मिळालेल्या गटाशी तुलना केली तेव्हा हे लोक रुग्णालयाबाहेर जास्त काळ राहिले, जास्त काम केलं, आणि खर्चही कमी आला. लक्षणांमध्ये मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मला या सगळ्यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. माणूस तोच, आजारही तोच. बदलली ती भोवतालची मांडणी.

विषयाला नाव मिळालं ते मे 1965 मध्ये, बॉस्टनजवळच्या स्वॅम्पस्कॉट गावी. अमेरिकेत 1963 च्या कायद्याने सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रं निघणार होती, त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञ कसे घडवायचे हे ठरवायला 39 जण जमले, आणि दवाखाना नुसता वस्तीत हलवून भागणार नाही या मतावर आले.

समुदाय मानसशास्त्र आणि सामुदायिक मानसिक आरोग्य यांत सगळ्यांत जास्त घोळ होतो. सामुदायिक मानसिक आरोग्य म्हणजे सेवा लोकांच्या दारी नेणं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमधला ‘विश्राम’ प्रकल्प घ्या: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. जबरदस्त काम, पण मोजलं काय, तर उपचारापर्यंत किती जण पोचले. समुदाय मानसशास्त्र त्याच गावात आणखी एक प्रश्न विचारेल, की कर्ज, नापिकी आणि एकटेपणाची गाठ कुठे बसते आणि ती सोडवायला गावात आधीपासून काय आहे.

सामाजिक मानसशास्त्राशी फक्त नावाचा घोटाळा आहे. इतरांच्या असण्याने माणसाचं वागणं कसं बदलतं हे ते अभ्यासतं, बऱ्याचदा प्रयोगशाळेत. तिथे कुणाची गल्ली बदलायची जबाबदारी नसते.

एक गोष्ट पुस्तकांत फार गोड करून लिहिलेली सापडेल: ‘आपलेपणाची भावना’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सेमूर सारासन यांनी 1974 मध्ये ती विषयाच्या मध्यभागी आणली. अमेरिकन उपनगरात ठीक. आपल्याकडे ‘आमच्या समाजात’ म्हटलं की पुढे जात येते, आणि जातपंचायतीत आपलेपणा काही कमी नसतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 चा कायदा उगाच करावा लागला नाही. त्यामुळे वस्तीत गेल्यावर ‘समुदाय’ म्हणून बोलतंय कोण, आणि बैठकीला न बोलावलेलं कोण, हे आधी बघायचं. आमच्या पाळ्यांमध्येही शेवटच्या दोन भाडेकरू खोल्या आठवडाभर कुणाच्या यादीतच नव्हत्या.

आता पेपरचं. क्लिनिकलमध्ये जायचं पक्कं असेल तर तिथला अभ्यासक्रम आणि नोंदणीची वाट वेगळी आहे, हा पेपर त्यात मोजला जाणार नाही. तरी घ्या, केस हिस्टरी जास्त चांगली लिहाल. याच नावाची नोकरी शोधाल तर मात्र निराश व्हाल. जाहिरातीत ‘प्रोजेक्ट ऑफिसर’, ‘फील्ड कोऑर्डिनेटर’ असंच लिहिलेलं असतं. माझ्या ओळखपत्रावर अजूनही ‘समुपदेशक’ आहे.